कवडसे आणि ठिपके : वनपिंगळ्याचे छायाचित्रण

घुबड हा रात्रीचा पक्षी, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बहुतेक जातींच्या बाबतीत ती खरीही आहे. गव्हाणी घुबड जुन्या वाड्याच्या तुळईवरून अंधार पडल्यावरच बाहेर पडते. शृंगी घुबडाचा घुमणारा आवाज ओढ्याकाठच्या दरडीवरून दिवेलागणीनंतर कानी येतो. सातपुड्याच्या सागवानी वनांत राहणारा वनपिंगळा मात्र या समजुतीला अपवाद आहे. तो दिवसाउजेडी सरडे आणि उंदीर पकडतो आणि सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून साद घालतो. अशा पक्ष्याचे छायाचित्र घेणे सोपे असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते फार अवघड आहे, आणि ही अडचण अंधाराची नसून उजेडाची आहे.

हा प्रश्न केवळ हौशी छायाचित्रकारांचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पूर्वी एखाद्या भागात अमुक पक्षी आहे हे सिद्ध करण्यासाठी तो मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवीत. आज तसे करता येत नाही आणि करूही नये. त्यामुळे एखाद्या वनखंडात वनपिंगळा आहे की नाही, याचा निवाडा पुष्कळदा छायाचित्रावरच होतो. त्या निवाड्यावर वनाच्या व्यवस्थापनाचे आराखडे, वृक्षतोडीचे निर्णय आणि गावाच्या जैवविविधतेची नोंद अवलंबून असते. छायाचित्र फसवे असेल तर निर्णयही फसतो.

अज्ञातवासाची ११३ वर्षे

वनपिंगळ्याचा इतिहास हा फसलेल्या पुराव्यांचा इतिहास आहे. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळविला. पुढील वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काळात खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते.

यांपैकी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण नोंदलेले होते. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या प्रसिद्ध संग्राहकाच्या संग्रहातील हा नमुना. त्या चिठ्ठीवर विश्वासून तेथे शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. सलीम अली आणि एस. डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनाही हा पक्षी सापडला नाही. मध्यंतरी तो दिसल्याचे दावे झाले, छायाचित्रेही पुढे आली. तपासणीअंती ती नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याची ठरली. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी बारकाईने तपास करून दाखवून दिले की, माइनर्ट्‌झहागन यांचा तो नमुना मुळात ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर खरी ठिकाणे उरली ती जुनीच : छत्तीसगड आणि खानदेश. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे प्रथम पूर्वेकडे शोध घेऊन नंतर सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ त्यांना वनपिंगळा दिसला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा पुढील वर्षी झाला. या वेळी कोणीही बंदूक उचलली नाही. पक्ष्याचे चलच्चित्रण झाले, छायाचित्रे घेतली गेली आणि तोच पुरावा जगाने मान्य केला. ११३ वर्षांनी एका पक्ष्याचे अस्तित्व सिद्ध झाले ते कॅमेऱ्याच्या साक्षीने, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यानंतर मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील लगतच्या वनांत या पक्ष्याचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो थेट तानसा अभयारण्यात, म्हणजे सातपुड्यापासून बऱ्याच अंतरावर सह्याद्रीच्या उत्तर भागात आढळला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. नवी ठिकाणे सापडत गेली हे त्यामागील एक मोठे कारण. पक्षी वाढले असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

तीन पिंगळे

वनपिंगळ्याच्या छायाचित्रात नेमके काय दिसले पाहिजे, हे समजण्यासाठी त्याचे दोन भाऊबंद ओळखणे आवश्यक आहे. नावांचा घोटाळाही येथेच होतो. ‘रानपिंगळा’ हे नाव काही जण वनपिंगळ्याला, तर काही जण दुसऱ्याच एका जातीला देतात. या लेखात ते त्या दुसऱ्या जातीसाठीच वापरले आहे.

पहिला ठिपकेदार पिंगळा. हा गावाचा पक्षी. आमराई, पडक्या भिंती, वडाची ढोली अशा ठिकाणी तो जोडीने राहतो आणि संध्याकाळी तारेवर बसून कलकलाट करतो. त्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. दुसरा रानपिंगळा. याचे डोके, पाठ आणि छाती बारीक आडव्या पट्ट्यांनी भरलेली असते. तिसरा वनपिंगळा. तो सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे या तिघांत किंचित थोराड. त्याचे डोके राखाडी-तपकिरी आणि जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. असलेच तर अगदी पुसट ठिपके असतात. छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटी यांवर रुंद पट्टे, आणि पाय पांढऱ्या दाट पिसांनी मढलेले.

म्हणजे ओळख मुख्यतः तीन गोष्टींवर येऊन ठेपते : डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत, छाती एकसारखी गडद आहे की नाही आणि पोट पांढरे आहे की पट्टेदार. या तिन्ही गोष्टी वनातील उजेड सहज बदलून टाकतो. त्यात भर म्हणजे हे तिन्ही पिंगळे एकाच परिसरात आढळू शकतात. त्यामुळे ‘या वनात दुसरा कोण असणार’ असा युक्तिवाद येथे चालत नाही.

उजेडाची फसवणूक

सागाचे वन वर्षातून दोनदा आपले रूप पालटते. पावसाळ्याच्या अखेरीस सागाची पाने मोठी आणि दाट असतात, पण अनेक वर्षी त्याच सुमारास अळ्या ती कुरतडून त्यांची जाळी करून टाकतात. फेब्रुवारीपासून पाने गळतात आणि वन उघडे पडते. पहिल्या काळात कवडशांचा त्रास, दुसऱ्या काळात रणरणत्या उन्हाचा.

कवडशांचा प्रकार आधी पाहू. पानातील छिद्रातून आलेला कवडसा हा वस्तुतः सूर्याचेच लहानसे प्रतिबिंब असतो. म्हणूनच छिद्र वेडेवाकडे असले तरी कवडसा बहुधा गोल दिसतो. छिद्र जितके उंचावर, तितका कवडसा मोठा. पाच मीटर उंचीवरील फटीतून आलेला कवडसा सुमारे साडेचार सेंटिमीटर व्यासाचा असतो. तो पक्ष्याचे जवळजवळ सगळे डोके उजळून टाकतो. त्याने ठिपक्यांचा भ्रम होत नाही. परंतु पक्ष्याच्या डोक्यावर हातभर उंचीवर जाळी झालेले पान असेल, तर त्यातून येणारे कवडसे सुमारे चार मिलिमीटरचे असतात. पिसांवरील ठिपक्यांशी त्यांचे विलक्षण साम्य असते. अशा वेळी खराखुरा वनपिंगळा छायाचित्रात ठिपकेदार दिसतो आणि पाहणारा ‘हा तर गावातला पिंगळा’ असे म्हणून चित्र बाजूला ठेवतो.

उलट प्रकारही तितकाच घडतो. डोक्यावर थेट ऊन असेल आणि कॅमेऱ्यात उजेड प्रमाणाबाहेर घेतला गेला असेल, तर ठिपकेदार पिंगळ्याचे पांढरे ठिपके आणि त्यांच्यामधील फिकट तपकिरी रंग दोन्ही एकमेकांत विरून जातात. डोके कोरे दिसते. मग दुर्मिळ पक्षी सापडल्याच्या आनंदात बातमी प्रसिद्ध होते आणि काही दिवसांनी ती मागे घ्यावी लागते.

यावरील उपाय महागड्या साधनांचा नाही. तो थांबण्याचा आहे. पिसांवरचा ठिपका पिसांबरोबर फिरतो, कवडसा आपल्या जागी राहतो. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते सबंध मान फिरवते. मानेतील १४ मणक्यांमुळे तिला सुमारे २७० अंशांपर्यंत वळता येते. पक्ष्याने मान वळविल्यावर घेतलेले दुसरे छायाचित्र पहिल्याशेजारी ठेवले, की कोणता डाग डोक्याबरोबर गेला आणि कोणता हवेतच राहिला हे स्पष्ट होते. पक्षी मान न हलवता बसून राहिला तरी हरकत नाही. सूर्य दर चार मिनिटांनी एक अंश सरकतो. तेवढ्या वेळात हातभर उंचीवरून आलेला कवडसा सुमारे आठ मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट जागा सोडतो. वनपिंगळा एकाच फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो. चार-चार मिनिटांच्या अंतराने तीन-चार छायाचित्रे घेतली तर संशयाला जागा उरत नाही. एका सुंदर छायाचित्रापेक्षा अशी चार साधी छायाचित्रे अभ्यासकाला अधिक मोलाची वाटतात.

आता उघड्या उन्हाचा विचार करू. उन्हातील जागा आणि त्याच झाडाची सावली यांच्या उजेडात साधारण आठपट फरक असतो. त्याशिवाय पांढरे पोट आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा फार मोठा भाग परत पाठविते, तर गडद तपकिरी छाती त्याचा जेमतेम आठवा भाग. पोट उन्हात आणि छाती सावलीत असली, तर या दोहोंतील अंतर ६४ पटींपर्यंत जाऊ शकते. माणसाचा डोळा हा फरक सहज सांभाळतो. कॅमेऱ्याला तो सांभाळताना कोणता तरी एक भाग गमवावा लागण्याची भीती असते. येथे एक नियम पाळण्यासारखा आहे : पांढऱ्याला वाचवावे. अंकीय कॅमेऱ्यात पांढरा भाग एकदा जळून कोरा झाला, की त्यातील तपशील कोणत्याही उपायाने परत येत नाही. अंधारलेल्या भागातील तपशील मात्र पुष्कळसा उजळून काढता येतो. त्यासाठी कॅमेऱ्याने प्रक्रिया करून दिलेले चित्र न घेता ‘रॉ’ स्वरूपातील कच्ची नोंद घ्यावी. नेहमीच्या ‘जेपेग’ चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या कच्च्या नोंदीत त्या १६,३८४ असतात. सावलीतल्या छातीचा रंग एकसारखा आहे की पट्टेदार, याचे उत्तर पुष्कळदा त्या जादा पायऱ्यांत दडलेले असते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हे एक भाबडे यंत्र आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे ते गृहीत धरते. पक्षी झाडाच्या शेंड्यावर, पांढुरक्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसला असेल, तर यंत्र आकाशालाच करडे करते आणि पक्षी काळा ठिपका होऊन बसतो. अशा वेळी मापकाने सांगितल्यापेक्षा दीड ते दोन टप्पे, म्हणजे सुमारे तीन ते चारपट अधिक प्रकाश द्यावा. आकाश कोरे पडेल, पडू द्यावे. नोंद पक्ष्याची घ्यावयाची आहे, आकाशाची नव्हे. याच्या उलट, उन्हात न्हालेला पक्षी आणि मागे दाट सावलीची दरी असे दृश्य असेल, तर मापक सावली उजळण्याच्या नादात पक्ष्याला जाळून टाकतो. तेथे एखादा टप्पा कमी करावा लागतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावर विसंबू नये, कारण भर उन्हात तो पडदा नीट दिसतच नाही. हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहावा आणि तो उजव्या कडेला चिकटला आहे का, एवढे तपासावे. फिल्मच्या काळात ३६ चित्रांची गुंडाळी धुऊन येईपर्यंत हे कळण्याचा मार्ग नव्हता.

पानांतून गाळून आलेल्या प्रकाशाची हिरवी छटा हा आणखी एक विषय. तिच्यामुळे पांढरे पोट हिरवट आणि तपकिरी छाती राखाडी दिसते. पक्षी उडून गेल्यावर त्याच फांदीखाली साध्या पांढऱ्या कागदाचे एक छायाचित्र घेऊन ठेवले, तर पुढे रंग दुरुस्त करण्यास आधार मिळतो.

फेब्रुवारीनंतर एक निराळीच अडचण सुरू होते. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले की तापलेल्या जमिनीवरून झळा उठू लागतात. लांब पल्ल्याच्या भिंगातून त्या अधिकच जाणवतात आणि पन्नास-साठ मीटरवरील पक्ष्याची पिसे पाण्याखाली असल्यासारखी लहरतात. भिंग बदलून किंवा शटरचा वेग वाढवून हा दोष जात नाही. काम लवकर आटोपणे हाच त्यावर उपाय.

पिंगळावेळ

पहाटेच्या त्या अंधुक घटकेला मराठीत ‘पिंगळावेळ’ असा सुंदर शब्द आहे. पिंगळ्याची भाषा जाणतो असे सांगत कंदील घेऊन दारोदार फिरणारा पिंगळा जोशी याच वेळी गावात येत असे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही वेळ मोहक असली तरी तुटपुंजी असते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत केवळ २२ ते २४ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात उजेड सुमारे शंभराव्या भागावर येतो. म्हणजे दर तीन-साडेतीन मिनिटांनी तो निम्मा होतो. पहाटे हाच क्रम उलट चालतो. युरोपातील पुस्तकांत वर्णिलेला लांबलचक संधिप्रकाश येथे मिळत नाही.

गावातील पिंगळा, गव्हाणी घुबड किंवा शृंगी घुबड यांच्यासाठी हाच उजेड उपयोगाचा असतो, कारण ती त्या वेळी बाहेर पडतात. अशा वेळी घुबडाची निश्चलता कामी येते. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून, बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमर किंवा तारेची कळ वापरून सेकंदाच्या तिसाव्या किंवा पंधराव्या भागाइतके मंद एक्स्पोजरही देता येते. लांब भिंग हातात धरून घेण्याचा प्रयत्न केला, तर ५०० मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका वेग लागतो, आणि तेवढा उजेड त्या वेळी नसतो. कंपन कमी करणाऱ्या आधुनिक भिंगांनी ही अट बरीच सैल केली आहे, हे खरे. तिपाई नसेल तर तांदळाने किंवा वाळूने भरलेली पिशवी गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर ठेवली तरी चालते. आयएसओ वाढविल्याने चित्रात दाणे दिसतात. दाणेदार पण स्पष्ट चित्र हे गुळगुळीत पण हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे.

झोत, ध्वनिफीत आणि ढोली

उजेड अपुरा पडला की पहिला मोह होतो तो कृत्रिम झोताचा. घुबडाचे डोळे अंधुक प्रकाशासाठी घडलेले असतात. अंधाराला पूर्णपणे सरावण्यास माणसाच्या डोळ्यांनाही सुमारे अर्धा तास लागतो. शिकारीच्या ऐन वेळी डोळे दिपलेल्या पक्ष्याची काय स्थिती होत असेल याची कल्पना करता येईल. वनपिंगळा दिवसा मिळणारा पक्षी असल्यामुळे त्याच्यावर फ्लॅश टाकण्याचे तर काहीच कारण नाही. फ्लॅशने पिसांवर चमक येते आणि छातीचा खरा रंगही हरवतो.

दुसरा मोह ध्वनिफितीचा. नोंदवलेली साद वाजविली की वनपिंगळा, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीच्या प्रणयकाळात, झटकन उत्तर देतो आणि जवळ येतो. त्याच्या दृष्टीने आपल्या हद्दीत परका नर शिरलेला असतो. शास्त्रीय गणना करणारे परवानगी घेऊन आणि मर्यादा पाळून या पद्धतीचा वापर करतात. परंतु दर रविवारी नव्या पाहुण्यांसाठी तीच साद वाजू लागली, तर पक्ष्याचा शिकारीचा वेळ नसलेल्या शत्रूला हाकलण्यात जातो. या जातीची अंडी साधारण दोनच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या नुकसानीचा अंदाज येतो.

तिसरा मोह ढोलीचा, आणि तो सर्वांत घातक. ढोलीपाशी पक्षी हमखास येणार, हे छायाचित्रकाराला ठाऊक असते. उजेड यावा म्हणून ढोलीसमोरची फांदी छाटण्याचे प्रकार घडतात. ती फांदी जशी उजेड अडविते तशीच शिक्र्याची नजरही अडविते, हे छाटणाऱ्याच्या मनात येत नाही. घरट्याजवळ घुबड शांत राहीलच असेही नाही. एरिक हॉस्किंग या नामवंत ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ मध्ये वेल्समध्ये घरट्याजवळील एका घुबडाच्या हल्ल्यात गेला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्याने त्या डोळ्याचा उल्लेख ठेवला. वनपिंगळा आकाराने लहान असल्यामुळे त्याच्यापासून माणसाला असा धोका नाही. येथे धोका उलट्या दिशेने आहे.

कायद्याची स्थिती याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वनपिंगळा पहिल्या अनुसूचीत येतो. या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. म्हणजे बंदुकीला हातही न लावता कॅमेऱ्याचा धनी शिकारी ठरू शकतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश द्यावयाचा तो कलम २८ खाली, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने. आणि २०२२ च्या सुधारणेने त्यास, अधिवासात कोणताही बदल न करता आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देता, अशी अट स्पष्ट शब्दांत जोडली आहे. फांदी छाटणे या अटीत बसत नाही.

ठिकाणाचा प्रश्न

छायाचित्र उत्तम आले, ओळखही पटली. त्यानंतर ते कोणाला आणि कसे दाखवावयाचे हा प्रश्न उरतो. हल्लीचे मोबाइल आणि अनेक कॅमेरे चित्राबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदवितात. ते चित्र जसेच्या तसे सर्वत्र पाठविले, तर ढोलीचा पत्ताही त्याबरोबर जातो. २०१० मध्ये ट्रॅफिक इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने घुबडांच्या बेकायदा व्यापाराकडे आणि अघोरी विधींसाठी होणाऱ्या त्यांच्या वापराकडे लक्ष वेधले होते. दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास हा धोका वाढतो. म्हणून सार्वजनिक ठिकाणी चित्र देताना जिल्ह्याचे नाव पुरे. नेमके स्थान वन विभागाकडे आणि अभ्यासकांकडेच द्यावे.

या कामी ग्रामपंचायतींना एक साधन कायद्यानेच दिले आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. सातपुड्यातील पावरा, भिल्ल आणि कोरकू वस्त्यांतील जाणत्या माणसांना कोणत्या झाडाची ढोली कोणत्या पक्ष्याने धरली आहे हे छायाचित्रकारापेक्षा आधी ठाऊक असते. त्यांची तोंडी माहिती आणि शाळेतील शिक्षकाने साध्या कॅमेऱ्यावर घेतलेली छायाचित्रे एकत्र आली, तर नोंदवहीतील ते पान भरीव होते. गावाने घुबडाकडे आपुलकीने पाहावे ही अपेक्षा अवास्तव नाही. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांचा उत्सवच भरविला होता.

अशा नोंदीत पक्ष्याच्या नावापुढे फक्त ‘दिसला’ असे लिहून भागत नाही. तारीख, वेळ, पक्षी कोणत्या झाडावर आणि साधारण किती उंचीवर होता, सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी होता की समोर, पक्षी पूर्ण उन्हात होता, पूर्ण सावलीत होता की कवडशांत, आणि किती मिनिटांच्या अंतराने किती छायाचित्रे घेतली, एवढे लिहावे. शेजारी सर्व छायाचित्रे, बिघडलेलीसुद्धा, मूळ स्वरूपात जपून ठेवावीत. रंग खुलविलेली, कडा तीक्ष्ण केलेली प्रत वेगळी ठेवावी आणि ती तशी आहे हे तिच्यावर नमूद करावे. डोके, छाती, पोट आणि शेपटी यांपैकी जो भाग एकाही चित्रात दिसत नसेल, त्याच्यापुढे ‘दिसला नाही’ असे लिहावे. ती जागा अंदाजाने भरू नये.